पेन्सिलवर शाई चढवणारा जेरी अलांगिलान

‘सुपरमॅन: बर्थराइट’ ही बारा अंकांची मालिका २००३-०४ मध्ये अमेरिकेत आली. तिच्या श्रेयनामावलीत लेखक म्हणून मार्क वेडचे नाव आहे, पेन्सिलसाठी लिनिल फ्रान्सिस यूचे आणि शाईसाठी जेरी अलांगिलानचे. लेखकाचे काम सगळ्यांना माहीत असते. चित्रकाराचेही. पण शाईसाठी वेगळा माणूस, त्याचे वेगळे नाव, हे काय प्रकरण आहे? बहुतेकांचा समज असा, की आधीच काढलेल्या चित्रावरून हा नुसता पेन फिरवतो. अमेरिकन कॉमिक्स आवडीने वाचणाऱ्या मंडळींनाही हे काम नीट माहीत नसते, आणि त्यामुळे शाई चढवणारा, म्हणजे इंकर, हा कॉमिक्समधला सर्वांत दुर्लक्षित कलाकार राहिला आहे.

जेरी अलांगिलान फिलिपाईन्सचा. बाहेरच्या जगाने त्याला बराच काळ इंकर म्हणून ओळखले. स्वतःच्या देशात मात्र तो लेखक होता, चित्रकार होता, प्रकाशक होता आणि जुन्या फिलिपिनो चित्रकथांचा राखणदार होता. ही सगळी कामे वेगवेगळी दिसतात, पण मुळात ती एकच आहेत असे मला वाटते. ते पटवायचे तर सुरुवात शाईपासूनच करायला हवी.

अमेरिकन कॉमिक्स कारखान्याच्या पद्धतीने तयार होते. एक जण गोष्ट लिहितो, दुसरा साधारण अकरा बाय सतरा इंचांच्या जाड कागदावर पेन्सिलने चित्रे काढतो, तिसरा त्यावर शाई चढवतो, चौथा रंग भरतो, पाचवा संवादांची अक्षरे बसवतो. महिन्याला वीस-बावीस पानांचा अंक वेळेवर बाहेर पडायचा तर एकट्या माणसाच्याने ते होत नाही, म्हणून ही वाटणी. शाईची गरज छपाईमुळे पडली. पेन्सिलची रेघ राखाडी असते. जुन्या छपाईला राखाडी समजत नसे. तिला काळे कळायचे, नाहीतर कोरे. त्यामुळे पेन्सिलने हलक्या हाताने घासून दाखवलेल्या प्रत्येक सावलीचा निकाल कुणीतरी लावावा लागे: इथे ठार काळे भरायचे, इथे रेघांचे जाळे विणायचे, की इथे कागद तसाच सोडायचा?

सुपरमॅनच्या झग्याची एक घडी घेऊ. पेन्सिलवाल्याने शिशाची कड आडवी धरून तिथे अंधार सुचवलेला असतो. इंकर आता टाक हातात घेतो. रेघा घडीच्या वळणाने न्यायच्या की तिला आडव्या छेदायच्या, हे तो ठरवतो. वळणाने नेल्या तर कापड मऊ दिसते, छेदल्या तर जड. रेघ सुरू होते तिथे टाकावर दाब, निब किंचित फाकते, शाई जास्त उतरते. शेवटाकडे हात उचलत न्यायचा, म्हणजे रेघ केसासारखी बारीक होत संपते. जवळचा हात जाड रेघेत, मागची इमारत बारीक रेघेत. एवढ्याने सपाट कागदावर अंतर तयार होते. मोठ्या काळ्या जागा कुंचल्याने भरायच्या. आणि शाई पेन्सिलीसारखी खोडता येत नाही. चुकले तर वर पांढरा रंग लावा, वाळू द्या, पुन्हा काढा. तेही अधूनमधूनच, कारण दिवसाला एक पान तरी हातावेगळे झाले पाहिजे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सिनेसंगीतावरून चटकन लक्षात येईल. चाल संगीतकाराची असते, पण व्हायोलिन कुठे येणार, कुठे सगळी वाद्ये थांबून नुसती बासरी उरणार, हे संयोजक ठरवतो. गाणे ऐकताना आपल्या कानावर पडते ते त्याने बसवलेलेच. छापलेल्या कॉमिक्समध्ये आपण पाहतो ती प्रत्येक काळी रेघ तशीच इंकरची असते. पेन्सिल तिच्याखाली पुसली गेलेली असते.

लिनिल यूची पेन्सिल टोकदार, बारीकसारीक रेघांनी भरलेली. त्यातल्या सगळ्याच रेघा शाईत उतरवल्या तर चेहरा ओरखडलेला दिसेल, फार गाळल्या तर यूचा यूपणाच जाईल. हा तोल जेरीने वर्षानुवर्षे सांभाळला. ‘वुल्व्हरिन’, ‘हाय रोड्स’, ‘सायलेंट ड्रॅगन’, ‘सुपिरियर’, ‘इनडिस्ट्रक्टिबल हल्क’ अशा कितीतरी मालिकांत ही जोडी एकत्र दिसते. दोघेही फिलिपिनो, आणि हा काही योगायोग नव्हे.

फिलिपाईन्समध्ये चित्रकथेची परंपरा जुनी आणि जबरदस्त आहे. टोनी वेलास्केझ या चित्रकाराने रोमुआल्डो रामोस या लेखकासोबत १९२९ मध्ये ‘लिवायवाय’ या टागालोग भाषेतल्या साप्ताहिकात केंकॉय नावाचा छानछोकी तरुण आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ‘हालाखाक’ हे नुसत्या चित्रकथांचे नियतकालिक निघाले. दहाच अंक चालले. पण पुढच्याच वर्षी ‘पिलिपिनो कोमिक्स’ आले आणि मग या धंद्याने मागे वळून पाहिले नाही. मार्स रावेलोची दार्ना १९५० ची. गावची पोरगी पांढरा दगड गिळते, नाव उच्चारते आणि उडू लागते. तिच्यावर पुढे अनेक दशके तिथे चित्रपट आणि मालिका निघत राहिल्या.

या अंकांची रचना अमेरिकन अंकांहून निराळी होती. एका अंकात अनेक क्रमशः कथा असत, प्रत्येकीची साधारण चारच पाने. चार पानांत कथा पुढे सरकवायची आणि वाचकाला पुढच्या अंकापर्यंत टांगून ठेवायचे! हे अंक सगळेच विकत घेत असे नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते भाड्याने मिळायचे, तिथेच बाकड्यावर बसून वाचायचे आणि परत द्यायचे. म्हणून छापलेल्या प्रतींपेक्षा वाचकांची संख्या कितीतरी जास्त असे. शाई चढवायला तिथे वेगळा माणूस नव्हता, चित्रकार स्वतःच टाक चालवायचा. छपाई स्वस्त, कागद वर्तमानपत्री, रंग मुखपृष्ठापुरता. त्यामुळे पानाला जी काही श्रीमंती आणायची ती काळ्या रेघेनेच. फिलिपिनो चित्रकारांच्या हातात जी नाजूक, घनदाट रेघ आली तिचे मूळ या परिस्थितीत आहे, असे मला त्यांची पाने पाहताना वाटत आले आहे.

अमेरिकेला ती रेघ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसली. टोनी डिझुनिगा आधीच तिकडे पोचला होता. त्याच्या सांगण्यावरून सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कॉमिक्सचे कार्माइन इन्फन्टिनो आणि जो ऑर्लँडो मनिलाला आले आणि नेस्टर रेडोंडो, आल्फ्रेडो अल्काला, अ‍ॅलेक्स निन्यो अशा कलावंतांना काम देऊन गेले. जॉन बुसेमाने पेन्सिलने काढलेल्या कॉनन या तलवारबहाद्दर नायकावर अल्कालाने चढवलेली शाई एकदा शोधून पाहाच. एका तलवारीच्या मुठीवर इतके बारकावे आहेत की नजर तिथेच अडकते. यातले बरेच जण पुढे अमेरिकेतच स्थायिक झाले.

इकडे मायदेशी हा उद्योग हळूहळू खंगत गेला. हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्यात सेन्सॉर आला आणि कागद आणखी निकृष्ट झाला, मग टीव्ही आला, शेवटी शेवटी तर मजकूरही कसाबसा उरकलेला. १९९०च्या दशकात तरुण फिलिपिनो चित्रकाराच्या डोळ्यांसमोर दोनच वाटा होत्या. एक अमेरिकेकडे जाणारी, आणि दुसरी स्वतःच्या खिशातून छापण्याची.

जेरी दोन्ही वाटांनी गेला.

त्याचा जन्म २० जानेवारी १९६८ चा, लागुना प्रांतातल्या सान पाब्लोचा. सात तळ्यांचे शहर म्हणून हे गाव ओळखले जाते. शिक्षणाने तो वास्तुविशारद, रीतसर परवानाधारक. पण नकाशांपेक्षा चौकटी त्याला जास्त प्रिय होत्या. इमेज कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनाच्या संस्थापकांपैकी एक असलेला व्हिल्स पोर्तासियो हा मूळचा फिलिपाईन्सचाच. त्याने मायदेशी परतून तरुणांना हाताशी धरले. लिनिल यू आणि जेरी हे त्याच मांडवाखालचे. पोर्तासियोच्या ‘स्टोन’ या फिलिपिनो दंतकथांवर आधारलेल्या मालिकेवर जेरीने शाई चढवली आणि त्याचे अमेरिकन काम जवळजवळ अखेरपर्यंत चालले.

दुसरी वाट ‘वेस्टेड’ची. ही त्याची स्वतःची कथा, १९९४ पासून त्याने लिहिली आणि काढली. पहिले अंक चक्क झेरॉक्सवर काढलेले. प्रेयसी सोडून गेलेला एक तरुण दुःखाने बेभान होऊन हिंसेवर उतरतो, एवढीच गोष्ट. चित्रे कच्ची आहेत, रक्त भरपूर आहे, शिव्याही भरपूर. पण पानापानांत खरी वेदना आहे. हातोहात फिरत गेलेल्या त्या अंकांनी एका पिढीला सांगितले, की मोठा प्रकाशक नसला तरी चालतो, गल्लीतले झेरॉक्सचे दुकान पुरेसे आहे. फिलिपाईन्समध्ये आज छोट्या, स्वतंत्र कॉमिक्सचा जो बाजार भरतो, त्याच्या मुळाशी असलेल्या मोजक्या पुस्तकांत ‘वेस्टेड’ आहे.

आणि मग ‘एल्मर’.

१९७९ मध्ये एके दिवशी जगभरातल्या कोंबड्यांना अचानक शुद्ध येते. त्या विचार करू लागतात, बोलू लागतात. आता हा क्षण कुठे गाठणार त्यांना? जिथे कोंबड्या असतात तिथेच. खुराड्यात, बाजारात, कत्तलखान्यात. जाग येते ती सुरीखाली. पुढे घडते ते भयंकर आहे: कोंबड्या माणसांवर तुटून पडतात, माणसे कोंबड्यांची कत्तल करतात, आणि बऱ्याच रक्तपातानंतर संयुक्त राष्ट्रे कोंबड्यांना माणसांच्या बरोबरीचे हक्क देतात.

हे सगळे पुस्तकात मागे घडून गेलेले आहे. कथा सुरू होते ती पुढच्या पिढीपासून. जेक गॅलो हा तरुण कोंबडा लेखक होऊ पाहतो आहे, नोकरी मिळत नाही, आणि आपण कोंबडा आहोत म्हणूनच मिळत नाही अशी त्याची पक्की खात्री. तो सतत चिडलेला. भाऊ सिनेमात नाव कमावून बसलेला, बहीण एका माणसाशी लग्न करायला निघालेली. वडील एल्मर आजारी पडतात म्हणून जेक गावी येतो. वडील जातात आणि मागे त्यांची रोजनिशी उरते. सुरुवातीच्या दिवसांत एल्मरने काय पाहिले, काय सोसले, कोणत्या शेतकऱ्याने त्याला वाचवले, हे मुलाला पहिल्यांदा कळते. ज्या माणूस जातीचा तो सरसकट द्वेष करत आला, तिच्यातल्या एका माणसामुळे आपण जन्मलो, हे त्याला पचवावे लागते.

नुसती कल्पना ऐकली तर विनोदी वाटते. ‘एल्मर’चे मोठेपण हे, की जेरी ती एका जागीही हसण्यावारी नेत नाही. कोंबडे कार्टूनसारखे गोलगरगरीत नाहीत. त्यांना खरी चोच आहे, खवल्यांचे पाय आहेत, मानेवर विस्कटलेली पिसे आहेत. कोंबड्याला भुवया नसतात, ओठ नसतात. मग दुःख दाखवायचे कसे? जेरी ते डोळ्याभोवतीच्या बारीक रेघांतून, मानेच्या कलण्यातून, पिसांच्या सावलीतून दाखवतो. सगळे पुस्तक काळ्या-पांढऱ्यात आहे, आणि रेघांवर रेघा छेदत विणलेल्या त्या जाळ्यात इंकर म्हणून वर्षानुवर्षे घोटलेला हात कामाला आलेला दिसतो. दुसऱ्याच्या पेन्सिलवर कमावलेले सगळे कसब त्याने इथे स्वतःच्या गोष्टीला दिले.

हे पुस्तक फिलिपाईन्सपुरते नाही. एका पिढीने सोसले, दुसरीला त्याचा फक्त राग वारशाने मिळाला, तपशील मिळालाच नाही. महाराष्ट्रात आत्मकथनांची जी मोठी परंपरा आहे तिच्या वाचकाला जेकचा हा राग अनोळखी वाटणार नाही. बापाने काय भोगले हे बापाच्या हयातीत विचारले जात नाही, हे तर घरोघरचे आहे.

‘एल्मर’ चार अंकांत, २००६ ते २००८ या काळात, जेरीने स्वतःच्या ‘कोमिकेरो’ या नावाखाली प्रकाशित केले. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत एसएलजी या प्रकाशनाने ते पुस्तकरूपात काढले आणि २०११ मध्ये त्याला आयझनर पुरस्काराचे नामांकन मिळाले. कॉमिक्सच्या जगात याहून मानाचा पुरस्कार क्वचितच असेल. फ्रेंच अनुवादाला त्याच वर्षी फ्रान्समधल्या सँ-मालोच्या कॉमिक्स महोत्सवात पुरस्कार मिळाला.

इथवरची कारकीर्दही एका आयुष्याला पुरेशी होती. पण जेरीचे जे काम मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच्या पलीकडचे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

जुन्या फिलिपिनो चित्रकथांची मूळ पाने बहुतेक नाहीशी झाली आहेत. चित्रकाराने पान प्रकाशकाला दिले, छापून झाले, की ते परत करण्याची पद्धत नव्हती. जपण्याचीही नव्हती. उरले ते छापील अंक. त्यांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य हवा-उजेडाने पिवळे पडते, आम्ल कागद आतून खाते, कडा बिस्किटासारख्या तुटतात. वर उष्ण कटिबंधातली दमट हवा आणि वाळवी. एका देशाची सगळी चित्रकथा डोळ्यांदेखत भुकटी होत होती, आणि फिकीर फार थोड्यांना होती.

फ्रान्सिस्को कोचिंग हा या परंपरेतला सर्वांत मोठा चित्रकार. जन्म १९१९, मृत्यू १९९८. लिहायचाही स्वतः, काढायचाही स्वतः. हागिबिस, पेद्रो पेंदुको ही त्याची पात्रे तिथे घराघरांत माहीत आहेत आणि त्याच्या बहुतेक कथांवर चित्रपट निघाले. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची पुस्तके वाचायची म्हटली तर दुकानात एकही नव्हते. क्रमशः छापून आलेले पुस्तकरूपात आलेच नव्हते. जेरीने हे काम अंगावर घेतले. १५२१ मध्ये मॅगेलनशी लढलेल्या माक्तानच्या सरदारावरची ‘लापू-लापू’ आणि स्पॅनिश काळातली ‘एल इंडिओ’, या दोन्ही १९५०च्या दशकातल्या कथा २००९ मध्ये पुस्तकरूपात आल्या त्या त्याने पाने दुरुस्त केल्यावर.

हे काम करतात कसे? जुन्या अंकाचे पान आधी खूप मोठ्या आकारात स्कॅन करायचे. पडद्यावर दिसते ते पिवळट, डागाळलेले. पातळ कागदातून मागच्या पानावरची चित्रेही उलटी होऊन डोकावत असतात. संगणकाला सांगून पिवळेपणा उडवता येतो, पण त्याबरोबर बारीक रेघाही उडतात. म्हणून सगळे एका फटक्यात पुसून चालत नाही, इंच इंच करून साफ करावे लागते. जिथे छापताना शाई पसरून दोन रेघांची एक झाली तिथे ती पुन्हा सोडवायची. जिथे रेघ मध्येच तुटली तिथे जोडायची. आणि जोडताना मूळ चित्रकाराने टाक कुठे दाबला असेल, हात कुठे उचलला असेल हे ओळखायचे. नाहीतर तिथे कोचिंगची रेघ न राहता दुरुस्ती करणाऱ्याची येते. हे ओळखायला नजर लागते ती इंकरचीच. सुपरमॅनच्या झग्याची घडी आणि लापू-लापूच्या दंडावरची सावली, दोन्हीकडे जेरी दुसऱ्याच्या रेघेला तिच्या मालकाशी इमान राखून उभे करत होता. आधी म्हटले ते यासाठी, की त्याचे काम मुळात एकच होते.

त्याच वर्षी, २००९ मध्ये, एक वादळ उठले. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांनी राष्ट्रीय कलावंत या सर्वोच्च सन्मानासाठी काही नावे निवड समितीला डावलून थेट घातली. त्यात कार्लो जे. कपारास हे नाव दृश्यकला आणि चित्रपट या विभागासाठी होते. कपारास लोकप्रिय कॉमिक्स लेखक, पण चित्रे दुसरे काढत. त्याच्या गाजलेल्या ‘पांदाय’ची चित्रे स्टीव्ह गानची. कोचिंगला बाजूला ठेवून, स्वतः चित्र न काढणाऱ्याला कॉमिक्सच्या नावाने दृश्यकलेचा सन्मान, हे चित्रकारांना झोंबले. जेरी या विरोधात उघडपणे उभा राहिला. ज्या क्षेत्रात काम करतो त्याच क्षेत्रातल्या बलाढ्य नावाविरुद्ध बोलायला धाडस लागते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये त्या नेमणुका रद्द झाल्या. २०१४ मध्ये कोचिंगला मरणोत्तर राष्ट्रीय कलावंत घोषित करण्यात आले. पुढे २०१८ मध्ये व्यंगचित्रकार लॅरी अल्कालालाही तो मान मिळाला.

जुन्या चित्रकारांची पाने आणि माहिती जेरी आधी इंटरनेटवर मांडत होता, नंतर सान पाब्लोमध्येच त्याने कॉमिक्सचे छोटे संग्रहालय उभे केले. २१ डिसेंबर २०१९ रोजी तो गेला, तेव्हा वय होते ५१.

जेरीकडे वळायचे असेल तर ‘एल्मर’पासून सुरुवात करा. पुस्तक मुळात इंग्रजीत लिहिलेले आहे, त्यामुळे भाषेची अडचण फारशी येणार नाही. मात्र मुखपृष्ठावर कोंबडा आहे म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका, कत्तलीची पाने अंगावर येतात. ते वाचून झाले की ‘बर्थराइट’ घ्या आणि संवाद बाजूला ठेवून एखादे पान फक्त काळ्या रंगासाठी पाहा: कुठे ठार काळे भरले आहे, कुठे जाळे आहे, कुठे कागद मोकळा सोडला आहे. ती प्रत्येक निवड जेरीची आहे.